शपथेची वसुली

आमच्या घरात लग्नाचा विषय निघाला की आजोबा हमखास ओतूरच्या खटल्यावर यायचे. खटला त्यांच्या जन्माआधीचा, त्यांच्या आजोबांच्या वेळचा. पण सांगायचे असे, की मुंबईच्या हायकोर्टात मागच्या बाकावर तेच बसले होते. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी 1884 च्या सुमारास घरचं कार्य भटजीला न बोलावता उरकलं. गावच्या जोश्यांनी दावा ठोकला. लग्न तुम्ही कसंही लावा, पण आमचं वतन आहे, आमचा हक्क बुडवू नका, असं त्यांचं म्हणणं. जुन्नरहून निघालेलं हे प्रकरण वर्षानुवर्षं वर सरकत राहिलं आणि हायकोर्टात पाटलांच्या बाजूने निकाल लागला. आजोबांच्या गोष्टीत गोरा जज्ज टेबलावर मूठ आपटून चक्क जुन्नरी मराठीत म्हणायचा, “ज्याचं लगीन त्याला बोलावू द्या की!” निकालपत्रात असलं वाक्य असण्याची सुतराम शक्यता नाही, पण आम्हां नातवंडांना खटल्यापेक्षा तो जज्जच जास्त आवडायचा.

आजी तांदूळ निवडत ऐकत असायची आणि गोष्ट संपली की दर वेळी एकच प्रश्न टाकायची. “नवरी कोण होती?”

आजोबांना ते माहीत नव्हतं. पाटील माहीत, जोशी माहीत, साल माहीत. ज्या लग्नावरून एवढं रामायण झालं, त्यातल्या मुलीचं नाव आमच्या गोष्टीत कधीच नव्हतं. आजोबा जरा चिडून म्हणायचे, “मुद्दा नवरीचा नव्हता, दक्षिणेचा होता.” आजी म्हणायची, “त्येच म्हणतेय मी.”

सत्यशोधक लग्नाची रीत आमच्याकडे त्याच परिसरातून आली. जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला या पद्धतीचं पहिलं लग्न लागलं, सीताराम आल्हाट आणि राधा यांचं. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. पुढे 1887 साली जोतीरावांनी मंगलाष्टकांसह सगळा पूजाविधी पुस्तिकेच्या रूपात छापला. ही मंगलाष्टकं मला फार विलक्षण वाटतात. रूढ लग्नात वधूपिता वराकडून वदवून घेतो, की धर्म, अर्थ आणि काम यांत मी हिला ओलांडून जाणार नाही; वर ‘नातिचरामि’ म्हणतो आणि मुलगी मान खाली घालून उभी असते. तिच्याबद्दलचा करार तिच्या डोक्यावरून होतो. जोतीरावांनी तिलाच बोलायला लावलं. स्वातंत्र्य म्हणजे काय हे आम्हा बायकांना ठाऊकच नाही, तेव्हा स्त्रीला तिचे हक्क देईन अशी शपथ घे, असं ती भर मांडवात नवऱ्याला बजावते. तो शपथ घेतो, की बायकांचे हक्क स्थापण्यासाठी झटेन, त्यासाठी खर्च करायला कचरणार नाही, तुझ्यावाचून इतर सगळ्या स्त्रियांना बहिणी मानीन. अक्षता पडायच्या आत मागणी झाली, कबुली झाली आणि सगळा गाव साक्षीला उभा.

आजी-आजोबांचं लग्न 1938 च्या उन्हाळ्यातलं. शारदा कायद्याने मुलीला चौदा पुरी लागत होती आणि आजी ठसक्यात सांगायची, “माझी पुरी झाली हुती.” मंगलाष्टकं म्हणायला शाळेतले एक मास्तर आले होते. सत्यशोधक जलशात ते पेटीवर बसायचे, त्यामुळे चाल पक्की. यापुढच्या हकिगतीचे दोन पाठ आहेत. आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे आजी पदरात तोंड घालून इतकं बारीक बोलली, की मास्तरांनाच तिचे बोल म्हणावे लागले. आत्याआजी, म्हणजे आजोबांची थोरली बहीण, पदर सावरून सांगायची, “खोटं! ती अशी खणखणीत बोलली, की आमच्या आईनं ‘सून की वकील?’ म्हणून कपाळाला हात लावला.” आजीला विचारलं तर ती हसायची. तिला स्वतःचे बोल आठवत नव्हते, आजोबांचे मात्र शब्दन् शब्द पाठ होते. त्यातही ‘खर्चायला कचरणार नाही’ हे कलम तिने जन्मभर उशाशी ठेवलं.

इतर बायकांना बहिणी मानायच्या कलमाची परीक्षा आधी झाली. लग्नाला सहा-सात वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा भावकीने दुसरीचं बघायला सुरुवात केली. त्यात बेकायदा काहीच नव्हतं. हिंदू पुरुषाला दोन बायका करायला बंदी घालणारा कायदा मुंबई प्रांतात 1946 साली आला आणि देशभर तर 1955 साली. आत्याआजी सांगायची, ओसरीवर पाच-सहा बाप्ये बसले होते, मुलगी कोणाची तेही ठरल्यात जमा होतं. आजोबांनी पान खाल्लं, उठले आणि एवढंच बोलले, “जोतीबांना पोर नव्हतं, त्यांनी केली का दुसरी?” जोतीराव-सावित्रीबाईंना मूल नव्हतं आणि दुसऱ्या लग्नाला जोतीरावांनी नकार दिला, ही कथा तोवर आमच्या भागात घरोघरी गेली होती. त्यांनी एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. 1890 च्या नोव्हेंबरात जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं, हे आजी दर वेळी मधेच घुसवायची, विषय काहीही असो. ओसरीवरच्या त्या बैठकीनंतर वर्षभरातच माझे वडील झाले, म्हणून या प्रसंगाला घरात चमत्काराचा रंग चढला. मला त्या चमत्कारापेक्षा आजोबांनी आधी सावकाश पान खाल्लं हे जास्त खरं वाटतं.

असा हा माणूस. पण त्याच माणसाला जामीन राहायचं व्यसन होतं. दुसरा शब्द नाही. गावात कोणी सोसायटीचं कर्ज काढलं, की जामीनदार म्हणून आजोबांची सही. घरात विचारणं नाही की सांगणं नाही. माणूस तोंड पाडून आला, की यांचा हात आपोआप पेनाकडे. 1972 च्या दुष्काळात त्यातला एक जण बुडाला, वसुली आमच्या दारात आली आणि आजीच्या पाटल्या गेल्या. हक्कांसाठी खर्च करीन म्हणणाऱ्याने परक्याच्या कर्जासाठी तिचा एकमेव दागिना खर्ची घातला, आणि तोही तिला न विचारता. दिवाळीपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत आजीने अबोला धरला. स्वयंपाक वेळेवर, आंघोळीचं पाणी वेळेवर, बोलणं फक्त म्हशीशी. “म्हशे, भाकरी झालीय.” “म्हशे, जुन्नरला जायचं तर पिशवी खुंटीला हाय.” आजोबाही काही कमी नव्हते. तेही म्हशीच्या पाठीवर थाप मारून सांगायचे, “म्हशे, मीठ जास्त झालंय म्हणावं.” आत्याआजी हा भाग दोन्ही आवाजांत करून दाखवायची. आम्ही हसून लोळायचो. आता वाटतं, त्या सहा महिन्यांत त्या घरात हसण्यासारखं फारसं काही नसावं.

आजीच्या बाजूनेही हिशेब मांडायला हवा. आई मला बजावून सांगते, “लिहितेस तर हेही लिही.” आजीची जीभ कातरीसारखी चालायची. डब्यातलं शेंगदाण्याचं कूट ती बोटाने रेघ मारून ठेवायची, सुनेने घेतलं का ते कळावं म्हणून. माझ्या आईला पहिल्या बाळंतपणात तिने जे ऐकवलं ते आई अजून विसरलेली नाही. समतेची मागणी मांडवात करणारी बाई सुनेच्या बाबतीत पक्की सासू होती. आजोबा मधे पडायचे, पण आपल्या पद्धतीने. आजीला एका शब्दाने बोलायचे नाहीत, स्वतः डब्यातलं कूट काढून खायचे, रेघ पुसायचे आणि संशय अंगावर घ्यायचे. आई म्हणते, त्यांच्यामुळे मी त्या घरात टिकले. आजीला हे कळत होतं की नाही, यावर आमच्यात आजही दोन तट आहेत.

मी पुण्यात कॉलेजला आले तेव्हा बायकांच्या आत्मचरित्रांचं वेड लागलं. सुट्टीत घरी गेले की दुपारी आजीला वाचून दाखवायचे. आजोबांनी शिकवलेल्या अक्षरओळखीवर ती पोथी अडखळत वाचायची, पण ऐकायला तिला फार आवडायचं, आणि परीक्षण असं करायची की मासिकातल्या समीक्षकांनी हात टेकावेत.

पहिल्या रमाबाई रानडे. त्यांचं आठवणींचं पुस्तक 1910 चं. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या न्यायमूर्ती रानड्यांनी पहिली पत्नी गेल्यावर 1873 साली वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं आणि लगोलग तिला शिकवायलाही बसले. हे ऐकून आजी खूश झाली. पुढे रमाबाई एकदा नवऱ्याच्या मताच्या बायका सोडून जुन्या वळणाच्या बायकांत जाऊन बसल्या म्हणून रानड्यांनी बोलणं बंद केलं आणि रमाबाईंना क्षमा मागावी लागली, तिथे तिने मला थांबवलं. “चूक दर टायमाला हिचीच कशी निघते गं?” मी म्हटलं, काळच तसा होता. “काळ तर जोतीबांचाबी तोच,” ती म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. रानड्यांवर माझी भक्ती आहे. पण 1873 हे साल दोन्हीकडे आहे. पुण्यातच एक मुलगी भर मांडवात नवऱ्याकडून शपथ घेत होती आणि त्याच वर्षी एका थोर सुधारकाच्या घरात आलेल्या मुलीला कोणी काही विचारलंच नव्हतं.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तिला सगळ्यांत आवडली. नारायण वामन टिळक न सांगता घरातून निघून जायचे, हाताशी असेल ते कोणालाही देऊन टाकायचे, आणि 1895 साली बायकोला मागे ठेवून ख्रिस्ती झाले. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा सोवळ्याचं पाणी आणि वेगळी चूल घेऊनच आल्या. जातिभेद त्यांच्या मनातून गेला तो नवऱ्याच्या उपदेशाने नाही, राहुरीच्या वाटेवर स्वतःच्या विचाराने. बाप्तिस्मा त्यांनी 1900 साली घेतला, स्वतःच्या वेळेने. टिळकांनी तेवढं थांबून दाखवलं, ही त्यांची बाजू. आजी मधेच डोळे पुसायची, मधेच खो खो हसायची. “नवऱ्याला नावं ठेवतेय का लाड करतेय, काय कळंना,” असा तिचा अभिप्राय. मला तरी याहून नेमकी समीक्षा ठाऊक नाही.

बाया कर्व्यांचं ‘माझे पुराण’ मात्र तिने मान डोलवत, हुंकार देत ऐकलं, शेजारणीचं गाऱ्हाणं ऐकावं तसं. धोंडो केशव कर्व्यांनी 11 मार्च 1893 ला विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं, आनंदीबाई नाव ठेवलं (त्याच या बाया), आणि कर्व्यांच्या गावाने, मुरूडने, बहिष्कार टाकला. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं घरातलं असतं. अण्णा, म्हणजे कर्वे, मिळवतील ते आपल्या आश्रमाला द्यायचे, आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाच्या नावे केली. घर बायांनी चालवायचं. त्या सुईणीचं काम शिकल्या, संस्थेसाठी वर्गणी गोळा करत हिंडल्या आणि घरात भांडल्या. पुस्तक 1944 चं. पॉलिसीचं ऐकून आजी उठूनच बसली. “जामीनच की! आमच्या म्हाताऱ्यासारखा!” महर्षी कर्व्यांना सोसायटीच्या जामीनदारांच्या रांगेत बसवलेलं माझ्या प्राध्यापकांना रुचलं नसतं. मला ते मनापासून पटलं. जगाचं भलं करणाऱ्या पुरुषाच्या भलेपणाचे हप्ते घरातली बाई फेडते, आणि ती कुरकुरली तर कोत्या मनाची ठरते.

सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ 1990 साली आलं तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ! पु. ल. देशपांडे म्हणजे मराठी माणसाचं लाडकं दैवत, त्याला घरात असं बोललेलं लोकांना सोसेना. 12 जून 1946 ला रत्नागिरीत नोंदणी पद्धतीने केलेलं ते लग्न. 2000 साली पु. ल. गेले तेही 12 जूनलाच. सुनीताबाईंनी नवऱ्याचा आत्ममग्नपणा, गृहीत धरणं, सगळं लिहिलं, आणि स्वतःचा हटवादीपणाही झाकला नाही. आजीने सगळं ऐकून एकच विचारलं.

“नवरा हाय का जिता?”

“आहे की.”

“मग बरोबर केलं. गेल्यावर कोणीबी लिहील.”

तिचं हे वाक्य घेऊन मी पुन्हा सगळी पुस्तकं चाळली. रमाबाईंनी लिहिलं ते न्यायमूर्तींच्या पश्चात, लक्ष्मीबाईंनी टिळकांच्या. बाया आणि सुनीताबाई यांनी नवरे हयात असताना, त्यांना वाचता येईल असं लिहिलं. कर्वे आणि देशपांडे या दोघांनीही ते होऊ दिलं, हेही कमी नाही. दोष पोटात घालणं हा संसाराचा मोठा गुण, असं लग्नाच्या पन्नाशीच्या भाषणांत ऐकू येतं. कोणाच्या पोटात कोणाचे किती दोष गेले, हे तिथे कोणी मोजत नाही. माझ्या आजीने दोष पोटात घातले नाहीत. तोंडावर सांगितले, म्हशीमार्फत सांगितले, सुनांना सांगितले, आणि त्या माणसाला सोडून जायचा विचार तिच्या मनाला शिवला नाही. तिच्या लेखी या दोन गोष्टींत विसंगती नव्हती. माझ्याही नाही.

वसुलीची संधी तिला बावन्न वर्षांनी आली. आजोबांचा कांदा चाकणला जायचा, त्यामुळे शेतकरी संघटनेचे शरद जोशी आमच्याकडे घरचेच. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं, आजी गावातल्या बायकांबरोबर ट्रकमध्ये बसून गेली आणि बसलेला आवाज घेऊन परतली. त्यानंतर शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ सुरू केली. बायकोच्या राबण्याचं ऋण म्हणून नवऱ्याने आपणहून जमिनीचा तुकडा तिच्या नावे करायचा, आणि गावातली शंभर घरं तयार झाली की तो गाव लक्ष्मीमुक्तीचा. सभेत आजोबांनी जोरात टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर आजीने विचारलं, “कोणता तुकडा?”

आजोबा म्हणाले, “अगं, सगळं तुझंच आहे.”

हे उत्तर महाराष्ट्रातल्या यच्चयावत नवऱ्यांना पाठ असतं. आजी म्हणाली, “मग लिहायला काय जातंय?” मुलांचा विरोध झाला, त्यात माझे वडीलही होते, ते प्रकरण मी इथे लांबवत नाही. आजोबा आठ दिवस टाळत राहिले. तब्येतीचं कारण, तलाठी भेटत नाही, अमावस्या. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाच्या कागदावर न वाचता सह्या केल्या, त्यांचा हात बायकोच्या कागदावर जड झाला. शेवटी जेवताना, भरल्या पंगतीत, आजीने त्यांना मंगलाष्टकातलं त्यांचंच कडवं मास्तरांच्या चालीत म्हणून दाखवलं. आत्याआजी तेव्हा ऐंशीच्या पुढची होती. तिने पुढचा सूर धरला. आजोबांचा घास हातातच राहिला, मग त्यांना हसू फुटलं, ते थांबेना, ठसका लागला.

विहिरीकडचा वीस गुंठ्यांचा तुकडा आजीच्या नावे झाला. फेरफार मंजूर होऊन सातबारा हातात यायला बरेच महिने गेले. उतारा आला तेव्हा तिने आपलं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं आणि ‘भ्रतार’च्या पुढे आजोबांचं नाव कशाला हवं, असं तलाठ्याला विचारलं. तो बिचारा म्हणाला, आजी, रकानाच तसा आहे.

त्या वर्षी तिने कोणालाही न विचारता वीसच्या वीस गुंठ्यांत झेंडू लावला. आजोबांनी कांदा सुचवला होता. दसऱ्याला भाव असा पडला की तोडणीची मजुरी निघेना, अर्धा माल बांधावरच सुकला. आजोबांनी घरात तिला एका शब्दाने विचारलं नाही. एसटी स्टँडवर, सोसायटीत, न्हाव्याकडे, पाहुण्यांत मात्र महिनाभर तेवढंच. “आमच्या मालकिणीचा झेंडू बघितला का?” वडिलांना ते ऐकवेना, त्यांनी आजीकडे तक्रार केली, की दादा चारचौघांत तुझी शोभा करतात.

“करू दे,” आजी म्हणाली. “त्येच्या पाटल्या मी अठरा वरसं सांगतेय.”

पुढच्या वर्षी तिने पुन्हा झेंडूच लावला.